मागच्या खोलीची कडी

१

घड्याळ तयार झालं की मी ते लगेच दुकानात धाडत नाही. सात दिवस माझ्या कामाच्या खोलीतल्या भिंतीवर टांगतो आणि रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो. सात दिवसांत अर्ध्या मिनिटाची चूक निघाली तरी मशीन काढून दुसरं बसवतो. दाढी म्हणतो, "अरे, लोक तुझी घड्याळं वेळ बघायला थोडीच घेतात! वेळ त्यांच्या फोनमध्ये असते." असेना का. घड्याळ म्हणून विकायचं तर त्याने वेळ बरोबर दाखवलीच पाहिजे, नाहीतर मग फोटोच्या चौकटी विकाव्यात.

दाढी म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. दाढी काढून त्याला वीस वर्षं झाली, नाव तेवढं चिकटून राहिलं. मी घड्याळं करतो आणि तो मोठ्या रस्त्यावरच्या त्याच्या दुकानात ती विकतो. लाकूड मी जुनं वापरतो, मोडक्या कपाटांचं नाहीतर पलंगांचं. धातू सगळा भंगारातला. शिलाई मशीनची चाकं, सायकलच्या दातेरी चकत्या, टाइपरायटरच्या कळा, नळाच्या चाव्या, जे हाताला लागेल ते. आकडे, काटे, लंबक, वरची नक्षी, सगळं त्यातूनच निघतं. आत मात्र सेलवर चालणारं साधं बाजारी मशीन असतं, आणि हे मी कधी कुणापासून लपवलेलं नाही.

खोटं बोलायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियमच होता. प्रत्येक घड्याळाच्या पाठीवर दाढी एक चिठ्ठी चिकटवतो. कुठला तुकडा कुठून आला, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. मी सांगतो आणि तो लिहितो, कारण त्याचं अक्षर सुंदर आहे आणि माझं मलाच लागत नाही. 'सातचा आकडा: बंद पडलेल्या छापखान्यातला. लंबक: एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मशीनचं चाक, त्यावर त्यांनी तीन मुलींची शिक्षणं केली.' असं काहीबाही. गिऱ्हाईक आधी घड्याळ उलटं करून चिठ्ठी वाचतं, मग सुलटं करून वेळ बघतं. दाढी त्या चिठ्ठीला घड्याळाचा दाखला म्हणतो. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहायचं, पण पदरचं काही घालायचं नाही, हे आम्ही पहिल्याच घड्याळाच्या वेळी ठरवलं होतं.

बावीस वर्षांत मी एकदाच खोटं सांगितलं.

२

त्या दिवशी दाढी माझ्या टेबलाचे खण उचकत बसला होता. त्याला ती खोडच आहे. सगळ्यात खालच्या खणातून त्याने फडक्यात गुंडाळलेली पितळी कडी बाहेर काढली. दाराला बाहेरून बसवतात तसली, वीतभर लांब, आडवा सरकणारा दांडा आणि त्याला धरायला गोल बोंड.

"आयला! ही कुठे लपवून ठेवली होतीस?"

"ठेव ती परत तिथे."

"का म्हणून? काय दिसतेय बघ तरी! कुठली आहे?"

खरं उत्तर सोपं होतं. कडी इथलीच होती, आमच्या मागच्या खोलीच्या दाराची. ती आईची खोली. शेवटची दोन वर्षं आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं. दार उघडं दिसलं की ती चालू पडायची. एकदा तर अनवाणी थेट पुलापर्यंत गेली होती. घरात आम्ही दोघंच. मी बिनलग्नाचा, आणि ताई दुसऱ्या शहरात नोकरीला. म्हणून मी तिच्या दाराला बाहेरून कडी बसवली. सामान आणायला निघालो की सरकवायची आणि दारातून सांगायचं, "आलोच हं. पाच मिनिटं." आई गेल्यावर मी कडी काढली, स्क्रूच्या भोकांत लांबी भरली, वरून रंग मारला. तेव्हाच कुठेतरी फेकून द्यायला हवी होती. पण पितळ फेकायला माझा हातच धजत नाही.

दाढीला यातलं काही ठाऊक नव्हतं. कामाच्या खोलीच्या पलीकडे तो कधी यायचा नाही. आईला तशा अवस्थेत बघून त्याला कसंतरी व्हायचं. तो कडी उन्हात धरून माझ्याकडे बघत होता.

मी खाकरलो. "गाण्याचा क्लास पाडला बघ मागे एक. तिथल्या दाराची."

"वा!" म्हणून त्याने तिथल्या तिथे चिठ्ठी लिहायला घेतली. 'कडी: गाण्याच्या क्लासच्या दाराची. हिच्यामागे सूर कोंडलेले असत.'

"ते कोंडलेले वगैरे काढ."

"राहू दे रे. छान वाटतं."

मी ते राहू दिलं. आधीच एक खोटं बोललो होतो, आता दुसऱ्यावर वाद काय घालणार? सागाच्या फळीचं घड्याळ केलं, तबकडीच्या खाली कडी आडवी बसवली. दांडा मागे ओढून, म्हणजे कडी उघडी ठेवून, मी तो गोंदाने पक्का केला, कुणाचं बोट चिमटायला नको म्हणून. सात दिवस भिंतीवर राहिलं, एका सेकंदाची चूक नाही. आठव्या दिवशी दाढीने चिठ्ठी चिकटवली आणि घड्याळ दुकानात गेलं.

३

दहा दिवसांनी दाढीचा फोन आला, "ये जरा दुकानात. कडीवालं परत आलंय."

दातांच्या डॉक्टरीणबाई घड्याळ काउंटरवर ठेवून उभ्या होत्या. पेशंट बसतात त्या खोलीत त्यांनी ते लावलं होतं.

"दिसायला फार सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या, "पण रोज पाच मिनिटं मागे पडतं. बरोबर पाच. सहा नाही, चार नाही. मी रोज पुढे करते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

"सेल कमजोर असेल," मी म्हटलं. आता सेल कमजोर असेल तर घड्याळ असं शिस्तीत मागे पडत नाही, हे मला कळत होतं.

"आणि आणखी एक. हसू नका. आत उंदीरबिंदीर नाही ना? दुपारी टकटक ऐकू येते. माझे पेशंट आधीच घाबरलेले असतात, त्यात हे कशाला?"

दाढी हसलाच. "कसली टकटक?"

बाईंनी बोट वाकवून काउंटरवर वाजवून दाखवलं. दोनदा जोरात आणि मग एकदा हळू. "सव्वाचारच्या आसपास," त्या म्हणाल्या.

आई अशीच दार वाजवायची. तिची बोटं बारीक झाली होती, अंगठी सैल पडायची म्हणून मी तिला दोरा गुंडाळून दिला होता. त्या अंगठीने ती वाजवायची, दोनदा जोरात, एकदा हळू. पण दोन आणि एक असं कुणीही वाजवू शकतं, लाकूड तापलं की कुरकुरतंच, आणि दातांच्या दवाखान्यात शंभर तऱ्हेचे आवाज असतात. घरी येईपर्यंत मी स्वतःला हेच ऐकवत होतो. घड्याळ काखेत होतं.

घरी पोचतो तर ताईचा फोन. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, आणि आईची फार लाडकी.

"झाले बाबा एकदाची रिटायर. अठरा तारखेला येतेय, चांगली महिनाभर राहणार आहे. मी आईच्याच खोलीत झोपणार हं, आधीच सांगते."

"ये की."

मग तिचा नेहमीचा प्रश्न आला. दोन वर्षं प्रत्येक फोनच्या शेवटी ती तो विचारते.

"शेवटी तिला त्रास नाही ना झाला रे?"

मी खाकरलो. "नाही गं. झोपेतच गेली."

"तू जवळ होतास ना?"

"होतो."

"मग बरं," ताई म्हणाली. "तू होतास म्हणून मला झोप लागते."

४

मशीन दोनदा बदललं. सेल बदलला. घड्याळ भिंतीवर इतर दहांच्या मध्ये लावलं. रोज पाच मिनिटं मागे.

तेव्हा एका दुपारी मी स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर जाऊन बसलो. म्हटलं, बघू या तरी हे सोंग. चार वाजून दहा मिनिटं झाली आणि सेकंदकाटा थांबला. अडखळला नाही, थरथरला नाही, सरळ उभा राहिला. आजूबाजूची दहा घड्याळं चालू होती. लोहचुंबक असेल म्हणावं, तर पितळेला चुंबकाचं काय? मशीनमध्ये केस अडकला म्हणावा, तर हे तिसरं मशीन होतं.

मग मी खाली बघितलं. कडीचा दांडा पुढे सरकलेला होता. मी उघडी ठेवलेली कडी बंद झाली होती. जवळ जाऊन बोट लावलं. गोंद होता तिथेच होता, त्याला साधा तडा गेलेला नव्हता. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा बघितलं. घड्याळाच्या आतून, खूप लांबून यावी तशी टकटक आली. दोन जोरात, एक हळू. सव्वाचारला काटा पुन्हा चालायला लागला आणि दांडा मागे होता.

मला चार दहा ही वेळ ओळखीची आहे. आता इथवर आलोच आहे तर सांगूनच टाकतो.

आई गेली त्या दुपारी भंगारवाल्याचा फोन आला होता. बंद पडलेल्या थिएटरचं सामान आलंय, लगेच ये, नाहीतर दुसरे उचलतील. मी कडी सरकवली, "आलोच हं, पाच मिनिटं" म्हटलं आणि सवयीने घड्याळ बघितलं. चार वाजून दहा. एकदा भंगारात हात घातला की मला वेळेचं भान राहत नाही, घड्याळवाला असूनसुद्धा. परत आलो तेव्हा सव्वासात झाले होते. दार आत उघडतं. ते उघडेना, कारण आई त्याला टेकून बसली होती. दार उघडायला मला तिला ढकलावं लागलं.

तिच्या बोटातली अंगठी वाकली होती. दाराच्या आतल्या बाजूला, खाली, रंग उडाला होता. मी तिला उचलून पलंगावर झोपवलं, पांघरूण घातलं, केस सारखे केले. मग डॉक्टरांना, ताईला आणि दाढीला फोन केले. दुपारी झोपली ती उठलीच नाही, असं तिघांनाही सांगितलं. रंग मी दुसऱ्या दिवशी मारला. दोन हात मारावे लागले.

५

सतरा तारखेला, म्हणजे ताई यायच्या आदल्या दिवशी, मी ते घड्याळ मागच्या खोलीत नेलं. मूर्खपणाच केला. पण ताई तिथे झोपणार होती, आणि त्या खोलीत काही आहे की फक्त माझ्या डोक्यात आहे, हे मला तिच्याआधी कळायला हवं होतं. भिंतीवर खिळा होताच. चार वाजून नऊ मिनिटांनी दाढीचा फोन आला, "कोपऱ्यावर आहे, चिठ्ठ्यांचा कागद घेऊन येतोय, पाच मिनिटांत पोचतो." मी बरं म्हटलं आणि फोन कामाच्या टेबलावरच ठेवून आत गेलो. तिकडच्या दहा घड्याळांची टिकटिक नको म्हणून दार लोटून घेतलं आणि पलंगावर बसलो.

खोलीत पलंग, कपाट आणि वर जाळीची खिडकी. उन्हाची एक पट्टी पलंगाच्या पायापर्यंत आली होती. भिंतीवरचा काटा थांबला.

सर्रर्र. खट्ट.

आवाज भिंतीवरून आला नाही. दाराच्या बाहेरून आला.

मी उठून दार ओढलं. हललं नाही. हवेने फुगलं असेल म्हणून दोन्ही हातांनी ओढलं. त्या दाराला कडी नाही हो. मी माझ्या हातांनी काढली होती.

"कोण आहे?" मी विचारलं.

बाहेर कुणीतरी खाकरलं. खोटं बोलायच्या आधी मी खाकरतो, तसंच.

"आलोच हं," बाहेरून माझा आवाज म्हणाला. "पाच मिनिटं."

मी खाली वाकून दाराच्या फटीतून बघितलं. दोन पाय दिसले, चपला घातलेले. डाव्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेने शिवलेला होता. तसा तो मी शिवला होता, आणि आई गेल्यावर त्याच आठवड्यात ती जोडी टाकून दिली होती. पाय वळले. पायऱ्या उतरल्याचा आवाज आला आणि बाहेरचं दार ओढून घेतल्याचा.

मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. तेही चार दहावर उभं होतं. मग मी मोजायला लागलो. सेकंद मोजणं मला जमतं, आयुष्यभर तेच केलंय. साठपर्यंत साठ वेळा मोजलं की एक तास होतो. तास झाला आणि उन्हाची पट्टी पलंगाच्या पायाशीच होती, तसूभर हलली नव्हती. आधी मी ओरडलो, शिव्या घातल्या, दाढीला हाका मारल्या. दुसऱ्या तासात घसा बसला. तहान लागली होती आणि खोलीत पाणी नव्हतं. मी तिच्या खोलीत कधी पाणी ठेवून जात असे का, ते मला काही केल्या आठवेना. तिसऱ्या तासात मी दाराला टेकून खाली बसलो आणि बोटाच्या हाडाने वाजवायला लागलो. दोनदा जोरात वाजवलं की हात इतका दुखायचा की तिसऱ्यांदा हळूच वाजवता यायचं. आईचं तिसरं हळू का असायचं, ते मला तेव्हा समजलं आणि मी रडलो.

तीन तास पाच मिनिटं झाली तेव्हा मागून दाराचा धक्का बसला.

"अरे, वाटेत काय बसलायस? सरक!" दार उघडायला दाढीला मला ढकलावं लागलं. "आणि हाताला काय झालं? रक्त येतंय."

"दार..."

"दाराचं काय? नुसतं लोटलेलं होतं."

"किती वाजले?"

"सव्वाचार. म्हटलं होतं ना, पाच मिनिटांत पोचतो?"

६

मी घड्याळातला सेल उपटून काढला. काटे चार दहावरच राहिले. कडी काढायला गेलो तर स्क्रू जागचे हलेनात, मीच बसवलेले आणि माझाच स्क्रूड्रायव्हर. शेवटी सगळंच जुन्या चादरीत गुंडाळून टेबलाखाली लोटलं. मग नवीन चिठ्ठी घेतली आणि माझ्या घाणेरड्या अक्षरात खरं ते लिहिलं. 'कडी: आईच्या खोलीची. मी बाहेरून लावायचो. ती गेली तेव्हा लावलेली होती आणि मी नव्हतो.' ती चिठ्ठी खिशात ठेवली. ताई आली की पहिला चहा व्हायच्या आत तिला द्यायची, असं ठरवलं. काय म्हणायचं ते म्हणेल, तोंड बघणार नाही म्हणाली तरी चालेल.

ताई दारातूनच सुरू झाली. "किती वाळलायस रे! जेवतोस की लाकडाचा भुसाच खातोस?" तिने माझा गाल ओढला. पन्नाशीच्या माणसाचा गाल ओढणारी जगात तेवढी एकच बाई उरली आहे.

"ताई, तुला एक सांगायचंय."

"सांग ना."

ती हसून बघत होती. बघताना तिचे डोळे अगदी आईसारखे दिसतात. मी खाकरलो.

"तुझ्या खोलीतला पंखा जरा आवाज करतो."

"एवढंच? मला वाटलं, लग्न ठरवलंस की काय."

दुसऱ्या दिवशी ताईने घर आवरायला काढलं. मी लाकूड आणायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर मागच्या खोलीत, त्याच खिळ्यावर, ते घड्याळ.

"एवढं सुंदर घड्याळ आणि चादरीत गुंडाळून टेबलाखाली? शहाणाच आहेस!"

"ते काढ तिथून. बंद आहे."

"असू दे बंद. मला कुठे गाडी पकडायचीय? आणि मागची चिठ्ठी वाचलीस का? गाण्याचा क्लास म्हणे. आईला किती आवडलं असतं."

मी घड्याळाला हात घातला तर तिने माझ्या हातावर चापट मारली, लहानपणी मारायची तशी. जेवण झालं. ती आडवी व्हायला गेली. मी म्हटलं, दार उघडं ठेव.

"तुझ्या त्या दहा घड्याळांनी डोकं उठतं माझं," असं म्हणून तिने दार लोटून घेतलं.

७

साडेतीनपासून मी त्या दारासमोर स्टूल टाकून बसलो होतो. दोनदा दार किलकिलं करून बघितलं, ताई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. जागवून सांगावं का? चहाला उठली की सांगू. खिशातली चिठ्ठी हाताने चाचपत होतो, घामाने ती मऊ पडली होती. मी समोर बसलेला असताना कोण येऊन कडी लावणार, असाही विचार करत होतो. समोरच्या रंगात, दाराच्या कडेला, लांबी भरलेले चार गोल ठिपके दिसत होते.

कामाच्या खोलीतली टिकटिक थांबली. एक एक करत नाही, दहाच्या दहा एकदम. घर इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं.

सर्रर्र. खट्ट.

दारावर काही नव्हतं आणि कोणी आलं नव्हतं. मी दार ढकललं. भिंत ढकलावी तसं लागलं.

"अरे," आतून ताईचा झोपाळू आवाज आला, "दार का उघडत नाहीये?"

"ओढ, ताई! जोर लाव!"

"ओढतेय. कडीबिडी लावलीस की काय?"

आम्ही दोघं दोन्हीकडून झटलो. मग ती दमली. तिचा आवाज खालून यायला लागला, म्हणजे ती दाराशी खाली बसली होती.

"इथे खाली रंगाचे पापुद्रे निघालेत," ती म्हणाली. थोडा वेळ नखाने खरवडल्याचा आवाज येत राहिला. "आत ओरखडे आहेत रे. केवढे आहेत!"

मी दारावर तळहात ठेवून उभा होतो.

"तू आईला कोंडून ठेवायचास?"

माझ्या तळहाताखाली, जिथे लांबी भरली होती तिथे, काहीतरी केसभर मागे सरकलं. मला स्पष्ट कळलं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तेवढ्याने दार उघडलं असतं, याबद्दल मला आजही शंका नाही. बोलवत नव्हतं तर चिठ्ठी दाराखालून सरकवायची होती, तेवढी फट होती. मी खिशात हात घातला, चिठ्ठी बोटांत धरली.

"ती गेली तेव्हा तू जवळ होतास ना?" ताईने विचारलं. तिचा आवाज फाटला होता. "बोल ना. होतास ना जवळ?"

मी खाकरलो.

"आलोच हं," मी म्हणालो. "पाच मिनिटं."

खट्ट करून दांडा पुन्हा पुढे बसला. मी खाली बघितलं तेव्हा पायात चपला होत्या, आणि डावीचा अंगठा तांब्याच्या तारेने शिवलेला होता. मी वळलो. पायऱ्या उतरताना मागून टकटक ऐकू आली, दोन जोरात, एक हळू. बाहेरचं दार ओढून घेतलं आणि आवाज बंद झाला. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

भंगारवाल्याच्या गोदामापर्यंत चालत वीस मिनिटं लागतात. तो नेहमीच्या खुर्चीत बसला होता आणि त्याच्या डोक्यावर मीच दिलेलं घड्याळ होतं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आज बराच माल आलाय," तो उठत म्हणाला. "वेळ आहे ना?"

मी पुन्हा एकदा घड्याळाकडे बघितलं.

"आहे," मी म्हटलं. "घाई नाही. सावकाश दाखव."